सुपातून उडालेला अंकुर

"आधी चाव, मग बोल."

सोयाबीनचा एक दाणा समोरच्याच्या तळहातावर ठेवून बाई असं म्हणायच्या. कृषी अधिकारी असो की बियाणं मागायला आलेला शेतकरी, सूट कोणालाच नव्हती. चावणाऱ्याचं तोंड वाकडं झालं की बाईंचा चेहरा कसा खुलायचा, ते तुम्ही पाहायला हवं होतं. "तुरट लागला ना? त्या तुरटपणाचाच मला पगार मिळतो."

बाई रत्नागिरीजवळच्या एका संशोधन केंद्रात सोयाबीनचे नवे वाण तयार करायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी शाळेच्या सवयीने बाई म्हणाले आणि तेच राहिलं. हातखंब्याकडच्या आमच्या वाडीतून पदवीपर्यंत पोचलेली मी घरातली पहिलीच. बाईंच्या हाताखालच्या नोकरीच्या मुलाखतीत 'आयसोफ्लेव्होन' हा शब्द म्हणताना मी अडखळले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"एवढं काय घाबरतेस गो? दाण्यातलं एक तुरट द्रव्य ते. किडीशी, रोगाशी लढायला झाड स्वतःसाठी तयार करतं. माणसाच्या हाडांनाही बरं, असं म्हणतात. ते जरा जास्त असलेलं झाड आपण शोधायचं, बस."

पुढे तो शब्द मला कधी अडला नाही.

सोयाबीनचं फूल अगदी बारीक. ते उमलण्याआधी कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. माझ्या हातून कळी तुटली की बाई म्हणायच्या, "मोडलंस लग्न. चल, दुसरं स्थळ बघ." त्यांचं रागावणं एवढंच.

त्यांचा जीव एका वाणावर होता. आमच्या उताराच्या वरकस, हलक्या जमिनीत तो तग धरायचा आणि दाणाही चांगलाच तुरट. वर्षानुवर्षं निवड करत बाईंनी तो इथवर आणला होता. पण प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा त्यात आयसोफ्लेव्होन तुलनेसाठी लावलेल्या जुन्या वाणापेक्षा थोडं कमीच निघालं. पुढच्या हंगामात त्याला जागा द्यायची की तो सोडून द्यायचा, हे मे महिन्यातल्या बैठकीत ठरणार होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस बाई निवृत्त होणार होत्या.

काही दिवस बाई त्या अहवालातले आकडेच पुन्हा पुन्हा पाहत होत्या. मग एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी त्या वाणाचा दाणा नखाने फोडला आणि आतला बारीकसा अंकुर मला दाखवला.

"आयसोफ्लेव्होन सगळ्यात दाट कुठे असतं?"

"अंकुरात."

"आणि तो मी कुठे घालवला, ते विचार."

बाकीच्या वाणांचे दाणे आम्ही जसेच्या तसे प्रयोगशाळेला पाठवले होते. हा नमुना मात्र बाईंनी लाडाने घरी नेला होता. भिजत घातला, वालाचं बिरडं सोलावं तसा चोळून सोलला, पाणी ओतून दिलं, उन्हात वाळवला आणि सुपात घेऊन छान पाखडला. थोडं द्रव्य पाण्याबरोबर गेलं आणि सालांबरोबर अंकुर उडाले.

बैठकीत तो वाण पुकारला गेला तशा बाई उभ्या राहिल्या. "वाण चुकलेला नाही, मी चुकलेय," म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

केंद्राचे प्रमुख साहेब चष्मा काढून हसायला लागले. "मॅडम, संशोधनाचा नमुना तो, आणि तुम्ही उसळीची तयारी केलीत?"

"नाटे गावची माणसं आम्ही, साहेब. न निवडलेलं, न सोललेलं दुसऱ्याच्या दारात पाठवायची आमच्यात पद्धत नाही."

साहेबांनी एका हंगामापुरता छोटासा वाफा दिला, तोही नमुना पुन्हा तपासून घ्यायच्या अटीवर. पंचाईत अशी, की गेल्या काढणीला शेंगा पावसात सापडल्या होत्या आणि बी उरलं होतं ओंजळभर. त्यातूनच नमुना काढायचा होता.

"बाई, एवढं दिलं तर पेरायला काय राहील?"

त्यांनी निम्मं बी न सोलता, न पाखडता पाकिटात ओतलं. "राहील तेवढं पेर. वाण चांगला असेल तर पुढच्या वर्षी पोतं होईल. नसेल तर सगळं पेरून तरी काय करणार आहेस?"

मेअखेरीला बाई निवृत्त होऊन समुद्रकाठच्या आपल्या नाटे गावी निघून गेल्या. अहवाल आला तेव्हा पेरणी होऊन गेली होती. मी लगेच फोन लावला.

"बाई, आला अहवाल. जुन्या वाणाच्या बराच वर आहे."

पलीकडे बोटीचं इंजिन फटफटत होतं. त्यावर आवाज चढवून बाईंनी विचारलं,

"उगवलं का?"

"आज सकाळीच वर आलंय."

"मग फोनवर काय बसलीस गो? पारवे कोवळी पानं खुडून नेतील. जा आधी, राखायला जा."

मी रिकामा डबा वाजवत शेताकडे धावले. लाल मातीतून रोपं वाकलेल्या माना वर काढत होती. बाई जिथे छत्री टेकून उभ्या राहायच्या, त्या बांधावर पारवे ओळीने बसले होते.