माझी सही अडवणारे वकीलसाहेब

आमच्या वकीलसाहेबांना राग आला की ते उठून पंखा बंद करायचे. मे महिना असो, खोलीत सात माणसं असोत, खटका खाली. टेबलावरचे कागद फडफडायचे थांबायचे, माणसं घामाघूम व्हायची आणि साहेब अगदी हळू बोलायला लागायचे. "आता खरं सांगा. वाऱ्याखाली बसून माणूस फार खोटं बोलतो." वडगावच्या कोर्टासमोर त्यांचं एका गाळ्याचं ऑफिस होतं. मावळातल्या कितीतरी लोकांनी तिथं तो घाम पुसलाय. मीही पुसलाय.

नवरा-बायकोची भांडणं, मारामारीतले जामीन, न वटलेले चेक, बांधाचे तंटे, सगळं त्यांच्याकडे यायचं. एकदा माझ्यादेखत खंडाळ्याचा एक ड्रायव्हर घटस्फोट मागायला आला. म्हणाला, "साहेब, बायको उलटून बोलते." साहेब उठले, पंखा बंद केला. "आधी ती काय म्हणाली, ते सांग." तासाभराने बाहेर आलं की पगार कुठं जातो एवढंच ती विचारत होती. साहेब म्हणाले, "दुसरी केलीस तर तीही हेच विचारील. माझी फी दोनदा कशाला भरतोस?" तो गेला खरा, पण जाताना दार आपटून गेला. दार आपटून जाणारे अशील साहेबांना पुष्कळ होते.

सहीच्या कामाला त्यांचा एक नियम होता. ज्याची सही, तोच आत. बाप असो, भाऊ असो, नवरा असो, बाकीचे बाहेर बाकावर. साहेब वडगावच्याच जुन्या मुसलमान घरातले. ते म्हणायचे, "आमच्यात बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा. तेवढा लिहून ठेवलाय, तरी लोक पचवतात. मी माझ्या बहिणीला दिला, तर वर्षभर नातेवाईक माझ्या घरी जेवले नाहीत."

आता माझं सांगते. माझं माहेर टाकवे बुद्रुक. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोनच नावं लागली, माझं आणि धाकट्या भावाचं. त्याला मी कडेवर वाढवलेला. मी खंडाळ्याला एका बंगल्यावर कामाला, नवरा रेल्वेत गँगमन. एक दिवस भाऊ चारचाकी घेऊन दारात. हातात जांभळी साडी आणि पेढे.

"अक्का, जमिनीला गिऱ्हाईक आलंय. तुजी येक सही लागती."

हक्कसोड. आमच्याकडे हा शब्द लेकीबाळींना कुणी समजावून सांगावा लागत नाही. भाऊ साडी-चोळी करतो, बहीण बापाच्या जमिनीवरचा हक्क लिहून देते. जी देत नाही, तिला 'वाटा घेतलेली' म्हणतात आणि तिच्या भाऊबीजेच्या ताटावर कुणी येत नाही. मला जमीन नको होती असं नाही. मला भाऊ पाहिजे होता.

भावाने कागद टाईप करूनच आणला होता. वडिलांच्या ओळखीचे म्हणून आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी भावाला बाकावर बसवलं, कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचा. मोठ्याने."

माझी शाळा चौथीत सुटली. पण बंगल्यावरच्या रद्दीतलं चतकोर पानसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकलं नाही, त्यामुळे वाचन पक्कं. मी वाचत गेले. 'स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता' इथं आले आणि डोळे भरले.

"खुशीने आलात?" साहेबांनी विचारलं.

"व्हय, साहेब."

पंखा बंद. "खुशी अशी डोळे पुसत येते होय?"

मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, माझं माहेर तुम्ही आणून देणार का?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. कागद माझ्या हातात परत दिला. "मी हे काम करणार नाही. आठ दिवस विचार करा आणि एकट्या या."

बाहेर भाऊ उभाच. "काय म्हनला म्हातारा?" मी सांगितलं. "लय शाना हाय. दुसरा वकील न्हाई व्हय हितं?" दुसरा वकील दोन गाळे सोडूनच होता. दुपारी रजिस्टर ऑफिसात तिथल्या अधिकाऱ्याने राजीखुशीने का, म्हणून विचारलं, मी मान हलवली आणि झोकात सही केली. भावाने मिसळ खाऊ घातली. गाडीतून घरी सोडलं.

दोन दिवाळ्या आला. तिसऱ्या दिवाळीला ताट घेऊन मी दुपारपर्यंत बसले. फोन केला, तर तो उचलीना. आमच्या नाचणीच्या रानात तोवर बंगला उभा राहिला होता, पोहायच्या टाकीसकट. दुसऱ्यांच्या बंगल्यांच्या फरशा पुसण्यात माझा जन्म गेला आणि माझ्या बापाच्या मातीवरही कुणी दुसरीच बाई फरशी पुसतेय.

मी तडक साहेबांकडे गेले. "केस करा. मला फसवलं, कागद वाचून दाखवला नाही असं लिहा."

पंखा बंद झाला. "ताई, तुम्ही तो कागद माझ्यासमोर वाचलाय. कुठं अडला नाहीत. आता बाई निरक्षर आहे, असं मी कोर्टाला सांगू?"

"सांगा."

"नाही सांगणार."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्ही वाचायला लावलं नसतं तर आज माझी केस उभी राहिली असती, असंही बोलले. मग निरक्षर लिहायला तयार असणारा वकील शोधला. असे मिळतात. त्याने दावा तयार केला, शाईचा पॅड पुढे केला. अंगठा टेकवला आणि मस्तक फिरलं. जमीन नेली, भाऊ नेला, आता अक्षरंही मीच नेऊन देऊ? मी अंगठा पदराला पुसला आणि उठले. केस कधी झालीच नाही. त्याचं श्रेय कुणी साहेबांना देऊ नये. त्यांच्याशी मी पुढे सहा वर्षं बोलले नाही.

साहेब आजारी आहेत असं कळलं तेव्हा घरी गेले. खाटेवर पडलेले होते.

"तुमच्या बाबतीत मी चुकलो," म्हणाले. "एकट्या या म्हणालो आणि त्याच्याच गाडीत परत बसू दिलं. एसटीचे पैसे होते का तुमच्याकडे?"

"न्हवते."

"ते मी विचारायला पाहिजे होतं."

माझ्या त्या सहीनंतर म्हणे ते सही न करणाऱ्या बाईला स्वतः एसटी स्टँडवर सोडायचे. काळा कोट घालून, बाकावरच्या भावासमोरून. जाऊ द्या साहेब, असं म्हणावं म्हणून त्यांच्या सूनबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "व्हय, चुकलात." साहेबांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं असावं.

गेल्या वर्षी ते गेले. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले तेव्हा पवनानगरची एक बाई शेजारी बसलेली, माझ्याहून लहान. तिलाही भावाने सहीला आणलं होतं आणि साहेबांनी तिला स्टँडवर नेऊन, तिकीट काढून एसटीत बसवलं होतं. तिने सही केली नाही. धरणाकाठी तिच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर आता ती पाहुण्यांसाठी तंबू लावते, पिठलं-भाकरी करून घालते. ती रडत होती. मला रडू येईना, अंगाची आग आग होत होती. ही सुटली आणि मी का नाही? हिच्या आधी माझा नंबर का लागावा?

शेवटी राहवेना म्हणून मी तिला विचारलं, "भाऊ येतो का गं भाऊबीजेला?"

"न्हाई येत, मावशी."

"माझाबी न्हाई येत," मी म्हटलं.