मामांच्या रजिस्टरातला तिसरा रकाना

जगात जे जे मोजता येतं ते सगळं आमच्या मामांनी मोजलंय. जे राहिलंय त्याची त्यांना काळजी लागून आहे. जैनथकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण वरच्या खिशातला व्हर्निअर काही निवृत्त झाला नाही. मामीच्या भाकरीची जाडीही त्यातून सुटत नाही. खरं वेड मात्र ज्वारीचं. बांधावर उगवलेली ज्वारी रानटी की पेरणीची, हे ते दाणा, तूस, कुसळ आणि धांडा मोजून ठरवतात. एक दाणाही सांडू नये म्हणून कणीस जरा हिरवंच कापायचं, घरी आणून मोजायचं आणि रजिस्टरात 'रानटी' किंवा 'घरची' लिहायचं. रानटी निघाली की उपटायची, मग बांध कोणाचाही असो. माझ्या साखरपुड्यातही नवरदेवाचे कान नजरेनंच मोजून ते मला म्हणाले होते, "घरचा हाय, घेऊन टाक."

असा हा माणूस यंदा स्वतःच्याच बांधावर अडला. मामीचं माहेर बाजारहत्नूरचं. आई गेली, भाऊ निर्मलला राहायला गेले, घर विकलं. शेवटच्या खेपेला तिनं आईच्या मडक्यातली मूठभर ज्वारी पदरात बांधून आणली आणि बांधावर पेरली. माहेर म्हणून आता तेवढंच उरलं होतं. मामांनी कणीस मोजलं. दाणा बारीक, तूस लांब. रजिस्टरात 'रानटी' लिहिलं गेलं.

"उपटा मंग," मामी म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. मामा रोज उपटायला जायचे आणि झाडांची उंची मोजून परत यायचे. मला त्यांची दया यायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मामीच म्हणाली, "तुमी कच्चं कनीस कापून मोजून राह्यले. पिकू तर द्या. रानातली असन तर वाऱ्यानं झडन. माह्या मायची असन तर हात लागेपर्यंत थांबन."

रानटी दाणा पिकला की आपोआप झडतो, हे मामांनीच इतकी वर्षं शाळेत मुलांना शिकवलं होतं. मग त्यांनी आपलं ठेवणीतलं धोतर त्या झाडांखाली अंथरलं. सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून ते धोतर तपासायचे. कणसं पिकली, वारा सुटला, ओढ्याकाठची रानज्वारी झडून मोकळी झाली. धोतरावर एक दाणा नव्हता.

मामांनी 'रानटी' खोडलं. आता 'घरची' लिहितील असं मला वाटलं, तर त्यांनी पट्टीनं तिसरा रकाना आखला आणि लिहिलं, 'माहेरची'. मग मामीला हाक मारली, "ये वं. तूच तोड. तुह्या हातासाठी थांबली हाय."

मामी कणसावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. किती वेळ, ते मामांनी मोजलं नाही.