एकशे चौदा नंबरची फाइल

ज्ञानदा सबनीसला याहून बऱ्या पगाराच्या नोकऱ्या चालून आल्या होत्या. तरी फ्रँकफुर्टच्या त्या आर्काइव्हमध्ये, वाचनकक्षाच्या टेबलामागे, ती पाच वर्षं ठाण मांडून होती. एश्बॉर्नहून सकाळची एस-बान लोकल पकडताना नवरा रोज चिडवायचा.

"अगं, सूड ही काय फुल-टाइम नोकरी आहे?"

"अगदी बरोबर! आणि पेन्शनही आहे, विनय."

पूर्वी ती पीएच.डी. करत होती. विषय होता, सरकारनं बाजारात लुडबुड करू नये हा विचार युद्धानंतरच्या जर्मनीत रुजला कसा. या विचाराचं मूळ मानली जाणारी एक पुस्तिका होती. 'हा विचार कोणत्याही धन्याचा मिंधा नाही,' असं तिच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. याच आर्काइव्हमधल्या एकशे चौदा नंबरच्या फाइलमध्ये ज्ञानदाला त्याच लेखकाची, जुन्या जर्मन लिपीतली हस्तलिखित पत्रं सापडली, एका रंग कारखान्याच्या मालकाला लिहिलेली. 'कामगार संघटनांवरचं प्रकरण आपल्या सूचनेप्रमाणे अधिक कडक केलं आहे. पुढचा हप्ता पाठवावा.'

तिची शिष्यवृत्ती त्या लेखकाच्या नावानं चालणाऱ्या फाउंडेशनची होती आणि मार्गदर्शक प्रोफेसर हार्टविग तिथले विश्वस्त. तिनं ती पत्रं प्रबंधात मांडली तेव्हा शिष्यवृत्तीच्या समितीपुढे ते गोड हसत म्हणाले होते, "मी ती फाइल कधी उघडलेली नाही. पण फ्राउ सबनीसना आपली जुनी लिपी वाचता येत नाही, बिचाऱ्यांना." सगळे हसले. शिष्यवृत्ती गेली, प्रबंध बुडाला.

ती लिपी शिकायला ज्ञानदानं दोन वर्षं घातली होती. ते 'बिचाऱ्यांना' तिच्या कानात रुतून बसलं.

आर्काइव्हमध्ये नोकरी लागली त्या दिवशी तिनं ती फाइल काढली. पुठ्ठ्याच्या आत प्रत्येक फाइलला असतो तसा वाचकांच्या सह्यांचा कागद होता. पहिली सही तिची. तिच्याखाली हार्टविग, तारीख समितीच्या बैठकीच्या दोनच दिवस आधीची.

पण कोणी काय वाचलं हे कर्मचाऱ्यानं बाहेर सांगायचं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती आणि खोटी ठरली असती तीच. फाइल मागणाऱ्याला मात्र तो कागद दिसतोच. म्हणून ती थांबली. पाच वर्षांत ती फाइल कुणी मागितली नाही.

या मार्चमध्ये ती मागितली फ्राउ ब्रेमर नावाच्या पत्रकार बाईंनी. फाउंडेशनच्या वर्धापनदिनावर त्या लिहीत होत्या. जुनी लिपी समजावून द्यायला सोबत खुद्द हार्टविग आले.

"ओह, फ्राउ सबनीस! तुम्ही इथे फाइली उचलता?"

"हो ना. वजनदार असतात काही."

बाईंनी वही उघडली. "म्हणजे प्रोफेसर, तुम्हीही ही फाइल आज पहिल्यांदाच बघताय?"

"पहिल्यांदाच. जुने हिशेब असतील नुसते."

ज्ञानदानं फाइल उघडून सह्यांचा कागद दोघांसमोर सरकवला. "आधी सही. नियम आहे."

ब्रेमरबाईंनी सही केली आणि त्यांचा पेन वरच्या ओळीवर थांबला. "हे तर तुमचंच नाव आहे!"

हार्टविग लालबुंद झाले. "ही सही माझी नाही."

"मग आजची करा," ज्ञानदा म्हणाली. "ताडून बघता येईल."

त्यांनी पेन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. वाचनकक्षातल्या दोघाचौघांनी माना वर केल्या. शेवटी सही झाली. तोच लांब शेपटीचा 'g'. ब्रेमरबाई भराभर लिहीत राहिल्या.

ज्ञानदानं पिवळं पडलेलं पहिलं पत्र उलगडून हार्टविगसमोर ठेवलं.

"वाचा ना, प्रोफेसर. मोठ्यानं वाचा. मला बिचारीला ही लिपी येत नाही."