मोठ्या आईसाठी सुरी

आज चार लोकांत उभं राहून मी दोन शब्द बोलू शकतो, ते माझ्या मोठ्या आईमुळे. मोठी आई म्हणजे थोरल्या काकांची बायको. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं; मी चढलो तो तिच्या मालेगावच्या घरी राहून, तिच्या हातचं खाऊन. आता मी तिथून जवळच, वाशीमला नोकरी करतो. परवा संध्याकाळी बाजारातून येताना भांड्यांच्या दुकानात ओळीनं मांडलेल्या सुऱ्या दिव्याखाली लखलखताना दिसल्या आणि माझं पाऊल अडलं.

डोळ्यांपुढे तिची पावशी उभी राहिली. पुस्तकात जिला विळी म्हणतात, ती आमच्याकडे पावशी. पाटावर पाय दाबून ती बसायची. पातं जागचं हलायचं नाही. तिच्या दोन्ही हातांतलं वांगं, भोपळा, मेथीची जुडी पुढे सरकत राहायची आणि पलीकडे पातेल्यातल्या पाण्यात एकसारख्या फोडी टपटप पडायच्या. ती हातांकडे बघायचीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत माझं पाठांतर ऐकायची. मी अडखळलो की तिचेही हात थांबायचे, आठवलं की पुन्हा चालू व्हायचे. माझा धडा आणि तिची भाजी एकाच चालीनं पुढे जातात, असं मला कितीतरी दिवस खरंच वाटत असे.

यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली. सून गुणाची आहे, ओट्यापाशी उभी राहून सगळं झरझर उरकते. पण मोठी आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर, पाहुणी आल्यासारखी. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा तिनं हौसेनं सुनेची सुरी मागून घेतली. ओट्याला टेकून उभी राहिली, धार वर करून सुरी मुठीत घट्ट रोवली आणि वांगं तिच्यावर ढकललं!

"आत्याबाई, अंगठा जाईन ना!" सून ओरडली.

"मंग कशी धरू व माय? आजवर पातं बसून राहे अन् भाजी चाले. आता पातं चालते म्हणे, अन् भाजी बसून राह्यते. उलटंच हाये तुमचं सारं!"

आम्ही तिघंही खूप हसलो. मग तिनं सुरी खाली ठेवली, परत खुर्चीत जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे बाप्पा. आता मी नुसती जेवाच्या कामाची राह्यली."

ते वाक्य घेऊन मी वाशीमला परतलो होतो. तिला पुन्हा ओट्याशी उभं करायचं, एवढंच मनानं घेतलं होतं. कसं, ते कळत नव्हतं.

म्हणून परवा त्या दुकानात शिरलो आणि सगळ्यांत मोठी, रुंद पात्याची सुरी उचलली. टीव्हीवरचे स्वयंपाकी मिरवतात तशी.

"सर, बकरा काटना है क्या?" दुकानदार चाचांनी विचारलं.

"माझ्या मोठ्या आईसाठी पाहतोय, चाचा."

"फिर उनकू पहले पहलवानी सिखाओ."

मी शेजारच्या गाड्यावरून काकड्या आणल्या आणि दुकानातलाच भाजी चिरायचा लाकडी पाट पुढ्यात घेऊन चिरायला बसलो. प्लास्टिकची मूठ ओल्या हातातून निसटत होती. अरुंद पात्याच्या सुरीनं बोटांची पेरं पाटावर घासत होती. सरळ धारेची दर कापाला उचलावी लागत होती. आणि मग ती हाती आली: लाकडी मुठीची, हलकी, धारेला पोटाशी किंचित बाक असलेली. टोक पाटावर टेकवलं, ते तिथंच राहिलं. मूठ नुसती वरखाली झुलू लागली, आणि माझा डावा हात आपोआप काकडी पुढे सरकवू लागला. अगदी पावशीवर सरकते तशी!

"चाचा, भाजी चालते!" मी ओरडलोच.

चाचा चष्म्यावरून बघत राहिले. "ककडी चलती है, तो बिल बनाऊ?"

घरी येईपर्यंत मी ती पिशवी छातीशी धरली होती. माणसाचं वय त्याच्याकडून जे जे काढून घेतं, ते सगळंच जात नाही. काही नुसतं जागा बदलून उभं राहू पाहत असतं, असं वाटेत सारखं मनात येत होतं. आज सकाळी मालेगावला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर सुरी, लाकडी पाट आणि ही चिठ्ठी पाठवली. मोठी आई चौथी शिकलेली, सावकाश वाचते. म्हणून अक्षर ठळक काढलं.

मोठी आई,

सप्रेम जयभीम.

तुझ्यासाठी सुरी पाठवून राह्यलो. धारेची वस्तू कोणाले देऊ नये, नातं तुटते, असं ऑफिसातल्या एक बाई म्हणत होत्या. आपल्या घरात असलं कोणी मानत नाही, म्हणून बिनधास्त पाठवली. सुरीचं टोक पाटावरून उचलू नको. मूठ तेवढी वरखाली कर, अन् डाव्या हाताची बोटं आत मुडपून भाजी पुढं सरकव. पयले फोडी लहानमोठ्या होतीन, होऊ दे. कॉलेजात पयल्या वर्षी मलेबी काही समजत नव्हतं. तू म्हणे, जात राह्य, समजीन. समजलं.

शनिवारी येतो. भाजी कोणती करतं ते तूच ठरव. घाई करू नको, जेवाले उशीर झाला तरी चालीन. मी इकडून उपाशीच निघतो.