आक्काच्या ताटातला गहू

मंदाताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. मंदाताई म्हणजे माझ्या आक्काची, थोरल्या बहिणीची, मोठी जाऊ, यवतची. गेल्या महिन्यात त्यांनीच लुधियानाला आमच्या लोकरीच्या कारखान्याशेजारच्या एसटीडी बूथवर फोन केला. "भाऊ, कमल गेली वो..." एवढंच बोलल्या. मी पोचलो तेव्हा आक्काला अग्नी देऊन झाला होता.

आम्ही कवठे येमाईचे. आजापर्यंत मेंढरं राखली, बापानं शेती धरली. घरात बाजरीची भाकरी, गहू फक्त सणाला. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा आई रडली आणि आक्का म्हणाली, "बरं झालं, आता मास्तरांना तरी सुख लागंल." अशी होती ती. लग्न होऊन यवतला गेली आणि तिचं हसू हळूहळू आटलं. पोट बिघडायचं, जेवलेलं अंगी लागायचं नाही, जिना चढताना धाप लागायची. तिचे सासरे आप्पा. त्यांची शेती पाटाच्या पाण्याची आणि त्याचा त्यांना भारी तोरा. "आमच्यात भाकरी गडी खातेत, सुना चपाती खातेत," असं ते पाव्हण्यांसमोर म्हणायचे. तिला उपाशी कुणी ठेवलं नाही, याचाच मला जास्त राग येतो. ती खंगत गेली तशी तिला तुपातली चपाती, शिरा, गव्हाची खीर... अजून, अजून. मग ती माहेरी यायची, चार-दोन आठवडे आमच्यातली भाकरी खायची, तोंडावर तेज यायचं. परत यवतला गेली की पुन्हा तेच. आप्पांनी त्याचा अर्थ लावला, "माहेरी ठणठणीत अन् इथं आली की आजारी. ही नाटकं कळत्यात मला." दाजी बापापुढं कधी तोंड उघडायचे नाहीत.

मी लुधियानाला कामाला आलो, तर इथं दोन्ही वेळेला गव्हाची रोटी. वर्षभरात माझं पण तेच झालं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं की तुला गहू चालत नाही, जन्मभर चालणार नाही. हे बीज आईबापाकडून रक्तात येतं. ज्याच्यात असतं त्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, पण सख्ख्या भावंडांना, पोरांना तपासून घ्यावं. "घर में और किसी को है?" त्यांनी विचारलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आक्काचं ताट आलं.

लगेच यवतला फोन लावला. आप्पांनीच उचलला. "आप्पा, आक्काला गहू देऊ नका, पुण्याला नेऊन तपासा," म्हणालो. "व्हय रं शहाण्या? सातवी शिकलास आन् आम्हाला जेवायला शिकवतो? गव्हानं कवा कोण मेलंय? तुमच्या घराण्यात रोग हाय म्हण की सरळ, लग्नाच्या आधी सांगायचं हुतं!" फोन आपटला. पण पलीकडं उभ्या मंदाताईंनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आक्काला गुपचूप भाकरी द्यायला सुरुवात केली. आप्पांनी पाहिलं आणि ताटातली भाकरी उचलून म्हशीला घातली. दारात पाव्हणे येतात, सून भाकरी खाताना दिसली तर घराची अब्रू जाती म्हणे. शेवटी आक्का उठेनाच, तेव्हा पुण्याला नेलं. आतड्यात गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, न चालणारा गहू खात फार वर्षं अंगावर काढलंय, त्यातूनच ही झाली.

तेराव्याला लापशी केली होती. गव्हाचीच. आक्काची लेक सोनी, काडीसारखे हातपाय आणि पुढं आलेलं पोट. आप्पा तिला म्हणाले, "खा गं, आईच्या नावानं दोन घास."  मंदाताई पदर खोचून आल्या आणि भरल्या पंगतीत पोरीपुढलं ताट उचललं.

"अगं काय करतीस?"

"आप्पा, एक गेली. ही न्हाई देणार."

"उद्या ही बातमी फुटली तर कोण सून करंल हिला?"

"आधी जगू तर द्या!"

पंगतीत कुणी घास उचलला नाही. म्हातारा उठून गेला. तो आता खाली मान घालून बसतो म्हणतात... बसू दे. मला त्याची कीव येत नाही.

त्याच आठवड्यात मंदाताईंनी सोनीला पुण्याला नेलं. आजार निघाला. आता त्यांच्या चुलीवर तिचा तवा वेगळा. गिरणीत बाजरीच्या आधी गहू दळलेला असतो, म्हणून त्या तिचं पीठ जात्यावर स्वतः दळतात. परवा फोनवर सोनी म्हणाली, "मामा, मी जिन्यावर पळत गेले!"  इथं लुधियानाला माझी पण लेक लहान आहे, तिचं पोट दुखलं की माझा जीव उडतो. तिला पुढच्या आठवड्यात तपासायला नेणार आहे.

मंदाताई, तुमचे हात आता दुखत असतील. मी कायमचा गावाकडं येईन तेव्हा तुमच्या दारात एक विजेवरची घरघंटी आणून बसवीन. तिच्यात गव्हाचा दाणा कधी पडणार नाही, आणि सोनीचं दळण तेव्हापासून मी दळीन.