नवरदेवाच्या डिग्रीवर अडणारं मशीन

"परत बी.ई.वरच बंद पडलं!" प्रेसमधल्या टायपिस्ट शोभाताई ओरडल्या.

त्यांच्या खुर्चीमागं नवरीचे वडील उभे. गारगोटीहून लग्नपत्रिका छापायला आलेले. स्क्रीनवर नवरदेवाचं नाव मराठीत झकास उमटलेलं, त्यापुढं डिग्री इंग्रजीत यायची होती. तिथं मशीन हँग. माऊस हलेना. मी नम लॉक दाबून बघितलं, तर कीबोर्डवरचा दिवाही बदलेना. दिवा बदलत नसला की समजायचं, सगळंच गोठलंय.

"ओ इंजिनिअर," पावणं म्हणाले, "जावई बी.ई. हाय असं मला सांगितलंय. तुमचं मशीन नेमकं तितंच का अडतंय? ह्यात काय काळंबेरं न्हाय न्हवं?"

मी त्या वर्षांत कोल्हापुरात कॉम्प्युटर सर्व्हिसिंग करायचो. ह्या प्रेसची एएमसी माझ्याकडं, म्हणजे वर्षभर मशीन बिघडलं की मी पळत यायचं. प्रेसचे मालक आण्णा. पंधरा दिवस मशीन रोज गोठत होतं, आणि आण्णांचं निदान कधीच झालं होतं.

"हिच्या हाताला गुण न्हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "सांजच्याला ही गेल्यावर मी करेक्शन करतो, एकदाबी अडत न्हाय. आजचा दिवस बघतो. न्हाय जमलं तर उद्यापासनं दुसरी पोरगी."

शोभाताईंचे डोळे भरले. घर त्यांच्या पगारावर चाललेलं, हे आण्णांनाही ठाऊक होतं. मला सणकून राग आला. पण गिऱ्हाइकावर रागवायची सोय नसते, म्हणून कीबोर्ड बदलला.

नवीन कीबोर्ड, तीच बी.ई., तीच बोंब. मशीन बंद करून परत चालू करायचं, परत नावं टाकायची. आणि नावं म्हणजे काय थोडी? आत्या, मामा, पुण्याचे चुलते, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे तेही. पावणं मागनं सांगत होते, "त्यास्नी वर घ्या, न्हायतर मांडवात यायचं न्हाईत."

मी म्हटलं, "शोभाताई, डिग्री राहू दे. नुसता गावाचा पत्ता इंग्रजीत टाका."

त्यांनी मराठीतनं इंग्रजीत यायचं बटण दाबलं. एक अक्षरही टाइप व्हायच्या आत मशीन हँग. म्हणजे जावई निर्दोष होता. घोटाळा त्या बटणात होता.

आता थोडं समजून घ्या. कीबोर्ड इंग्रजी. मराठी उमटायला मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. आपण दाबलेलं बटण तो पकडतो आणि मराठी अक्षर पुढं देतो. हा कीबोर्ड ड्रायव्हर. मशीन चालू झालं की तो आपोआप येऊन बसतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी त्याचं चित्र दिसतं.

मशीन परत चालू केलं आणि कोपऱ्यात बघितलं. चित्रं दोन.

एक शोभाताईंच्या सॉफ्टवेअरचं. दुसरं कुठल्यातरी वेगळ्याच मराठी पॅकेजचं. मराठी चालू करायची दोघांची बटणं वेगळी, पण इंग्रजीत यायचं बटण एकच. एसटीच्या एकाच सीटवर दोघांनी खिडकीतनं रुमाल टाकावा, तसं चाललं होतं. दोघं भांडत बसायचे आणि मशीन गप्प.

"हे दुसरं कुणी टाकलं?" मी विचारलं.

शोभाताईंनी नकारार्थी मान हलवली. आण्णांना एकदम चहाची आठवण झाली. "ए, चार चहा सांगा रं!" सांगायला तिथं कोणी नव्हतं.

"आण्णा, तुम्ही?"

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "मी जुना टाइपरायटरवाला. हिच्या कीबोर्डवर मला 'क' सापडत न्हाय. मित्राकडनं सीडी आणली, त्यात टाइपरायटरसारखं हाय. काय गुन्हा केला काय?"

आण्णा संध्याकाळी फक्त मराठी टाइप करायचे. इंग्रजीत यायची वेळच यायची नाही, त्यामुळं त्यांच्या हातून मशीन कधी अडलं नाही.

मी ते पॅकेज काढून टाकलं. शोभाताईंनी डोळे पुसले आणि बी.ई. टाकलं. कंसात मेकॅनिकलसुद्धा. मशीन हूं की चूं नाही. पावण्यांनी हुश्श केलं.

"आण्णा," शोभाताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "मला इच्यारलं असतं तर 'क' कुठं हाय ते दावलं असतं की."

आण्णा पत्रिकेचे नमुने चाळायला लागले. पावणं मात्र बोलले. "मंग हाताला गुण कुणाच्या न्हाय म्हणायचं, आण्णा?"

शोभाताईंची नोकरी टिकली. माझी एएमसी गेली. मालकाची चूक गिऱ्हाइकासमोर दाखवायची नसते, हे सर्व्हिसिंगच्या कोर्समध्ये शिकवायला पाहिजे होतं. कंत्राट गेल्याचं मला काही वाटलं नाही, असं चारचौघांत मी सांगतो. खरं तर लई वाटलं.