सुट्टीवर गेलेले कंद

फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं, तेव्हा बागेचं पाणी माझ्याकडे आणि बाकी सगळी बाग बायकोकडे अशी वाटणी झाली. सकाळी सहाला झारी भरायची आणि फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत एकेका कुंडीची हजेरी घेत पाणी द्यायचं. अंगवळणीच पडलं होतं ते. भुरभुर पावसातही मी झारी घेऊन बाहेर पडायचो आणि शेजारी हसायचे.

त्या रांगेत अननस लिलीच्या तीन कुंड्या होत्या. कंद बायकोच्या थोरल्या बहिणीनं महाबळेश्वरहून आणलेले. ती कराडला राहायची. शेवटच्या आजारपणात तिनं ते वर्तमानपत्रात गुंडाळून हिच्या हातात दिले आणि दोन महिन्यांत ती गेली. श्रावणात जाड दांड्यावर हिरवट पांढरी फुलं दाटीनं लागतात, वर पानांचा तुरा, हुबेहूब छोटं अननस. येणारा जाणारा विचारतो, पिकणार कधी? मी सांगतो, पुढल्या महिन्यात. बायको मात्र फुलं उमलली की त्या दिवशी कुंडीपाशी नुसती बसून राहायची. तेव्हा मी चहा करून शेजारी ठेवायचो.

एका वर्षी दिवाळी झाली आणि ती लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला सांगलीला निघाली, तीन महिन्यांसाठी. एसटीत बसताना तिनं पुन्हा बजावलं.

"आवं, त्या तीन कुंड्यांस्नी पानी न्हाई घालायचं. पानं पिवळी पडत्यात, वाळत्यात, वाळू द्या. कंद सुट्टीवर गेल्यात आसं समजा. उन्हाळ्यात कोंब आला की मग पानी."

"समजलं," मी म्हणालो. समजलं होतंच.

पहिले दहा दिवस मी हुकूम पाळला. मग पानं पिवळी पडून एकेक आडवं व्हायला लागलं. बाकीच्या कुंड्या टवटवीत आणि या तीन माना टाकून बसलेल्या. माझ्या राखणीत कुणी तहानलेलं राहावं हे मला बघवेना. एका सकाळी अर्धा तांब्या पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. फोनवर ती विचारायची, "पानी घालत न्हाई न्हवं?" मी म्हणायचो, "छे." इतक्या वर्षांच्या संसारात इतकं सरळ खोटं मी कधी बोललो नव्हतो.

संक्रांतीच्या सुमारास कुंड्यांना वास यायला लागला. माती उकरली तर बोट कंदात लोण्यात जावं तसं गेलं. तिन्ही कुजले होते. मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसलो. मला माझी लाज वाटली. बहिणीच्या हातची शेवटची वस्तू, आणि मी ती रोज सहाच्या ठोक्याला मारत होतो.

त्याच दिवशी फोन करून सांगून टाकलं. "कंद कुजले. मी पाणी घालत होतो."

पलीकडे बाळ रडत होतं.

"किती?"

"तिन्ही."

"बरं. बाळाला आंगूळ घालायची हाय. ठेवते."

नंतरही रोज फोन व्हायचे, पण कंदांचं नाव तिनं काढलं नाही. मलाही काढवेना. मी त्या रिकाम्या कुंड्या धुऊन पालथ्या घालून ठेवल्या.

महिन्याभरानं ती परतली. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून एक फडकं काढलं आणि सोडलं. आत पाच लहान कंद होते, कोरडे, घट्ट. मोठ्या कंदांच्या बाजूला आलेली पिल्लं तिनं जातानाच काढून नेली होती आणि व्याह्यांच्या शेतावर, हळदीचं बेणं ठेवतात त्या सावलीत ठेवली होती.

"मला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगिटलं आसतं तर तुमी फोन करून तितं बी पानी घालाय लावलं आसतं."

मी हसलो. पण आत कुठंतरी लागलं. तिनं माझा भरवसा धरला नव्हता आणि तिचं बरोबर होतं.

त्या पिल्लांना फूल यायला दोन वर्षं लागली. ती पुन्हा कुंडीपाशी बसली, मी पुन्हा चहा ठेवला. यंदा दिवाळीनंतर लेकीनं तिला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. पानं वाळल्यावर तिनं कंद काढले, माती झटकली, टोपलीत मांडले. मला वाटलं, आता ही टोपली सांगलीला जाणार. तिनं ती माझ्या हातात दिली.

"सगळे?" मी विचारलं.

"समदे," ती म्हणाली आणि कपड्यांची पिशवी उचलून रिक्षाकडे चालू लागली.

टोपली माळ्याखालच्या फळीवर आहे. सकाळी सहाला मी बाकीच्या कुंड्यांना पाणी देतो, झारी बाहेरच ठेवतो, टॉवेलला हात कोरडे पुसतो आणि मगच टोपलीपाशी जातो.